मोज्याला मोजता येत नाही: वर्गात बाहुली आणि नाटक वापरायला लागताना

माझ्या टेबलाच्या खणात एक बाहुली असते. युनिफॉर्मच्या पांढऱ्या मोज्याची. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या टिकल्या आणि आत लाल पुठ्ठ्याचं तोंड. मोज्याची म्हणून मुलांनी नाव ठेवलं मोज्या, आणि गंमत अशी की या मोज्याला मोजताच येत नाही. फळ्यावर २७ अधिक १५ अशी उभी मांडणी केली की तो सांगतो, "सात आणि पाच बारा, लिहा बारा. दोन आणि एक तीन, लिहा तीन. झाले तीनशे बारा!" दुसरीचा वर्ग उसळतो. "अरे हातचा! हातचा घे ना!" मोज्या स्वतःकडे वरून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "हातचा? मला तर हातच नाहीत."

मग कोणीतरी उठतं, काड्यांचे गठ्ठे घेऊन येतं आणि बारा सुट्या काड्यांतल्या दहा बांधल्या की काय होतं ते त्याला दाखवतं. हे मी आदल्या दिवशी दोनदा सांगितलेलं असतं. पण मोज्याला समजावताना ज्या मुलाला ते स्वतःला नीट कळलेलं नसतं, त्याची जीभ अडखळते, आणि कुठे अडलंय ते त्याला आणि मला एकाच वेळी दिसतं.

वर्गात बाहुली आणायची ती यासाठी. बाहुलीला येत नसलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. बाहुली येते आणि "मुलांनो, पाणी वाचवा, झाडे लावा" म्हणून भाषण ठोकते. असं बोलणारी माणसं मुलांना रोज भेटतात, त्यासाठी मोजा फाडायची गरज नाही.

मी सिंधुदुर्गातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. खाली लिहिलंय ते पहिली ते पाचवीच्या वर्गांना धरून आहे. मोठ्या वर्गांना नाटकाचा भाग जास्त उपयोगी पडेल.

आधी धडा, मग बाहुली

पहिल्या वर्षी मी दोन रविवार खर्चून राजा-राणी बनवले. जरीचे कपडे, सोनेरी कागदाचे मुकुट. मग त्यांच्यासाठी धडा शोधत बसले. एक गोष्ट मिळाली, चाळीस मिनिटांचा खेळ झाला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मुलांना राणीचा मुकुट आठवत होता, गोष्ट नव्हे. आणि चाळीस मिनिटांत मुलांनी तोंड उघडलं ते फक्त हसायला.

म्हणून सुरुवात वहीतून करा. मुलं नेमकी कुठे अडतात? हातचा, ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, पूर्व-पश्चिम, अपूर्णांकात मोठा कोणता. अशी एकच जागा निवडा. अख्खा पाठ बाहुलीच्या डोक्यावर देऊ नका. तासातली सात-आठ मिनिटं तिची, बाकी नेहमीसारखं.

पहिली बाहुली

साहित्य: जुना स्वच्छ मोजा, पुठ्ठा, फेव्हिकॉल, टिकल्या, थोडी लोकर.

पुठ्ठ्याचा लंबगोल कापा, साधारण तळहाताएवढा, आणि मधोमध घडी घाला. हे तोंड. मोज्याच्या बोटांकडची शिवण उसवा किंवा कापा, पुठ्ठा त्या फटीत बसवून कडा चिकटवा. आत लाल कागद लावा. फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या. घाईत हात घातला की तोंड सुटून येतं. मग हात घालून, आरशासमोर उभं राहून डोळ्यांची जागा ठरवा. बाहुली टेबलावर पडलेली असताना डोळे चिकटवले तर हातात घेतल्यावर ती छताकडे बघते. लोकरीचे केस शेवटी. टाचण्या, सेफ्टी पिना अजिबात नकोत, कारण ही बाहुली उद्या मुलांच्या हातात जाणार आहे.

कळसूत्री बाहुलीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. दोरे गुंततात, आणि दोरे सोडवण्यात तास संपतो.

हात आणि आवाज

तोंड उघडताना वरची चार बोटं उचलू नका, अंगठा खाली न्या. आपण बोलतो तेव्हा आपलाही खालचा जबडाच हलतो. बोटं उचलली की प्रत्येक शब्दाला बाहुलीचं डोकं मागे पडतं आणि ती बेडकासारखी दिसते. अक्षराला तोंड उघडायचं, अक्षर संपलं की मिटायचं. "मो-ज्या" म्हणजे दोनदा. मनगट किंचित पुढे झुकलेलं असू द्या, म्हणजे नजर मुलांवर राहते. बोलत नसेल तेव्हा बाहुली जवळजवळ स्थिर हवी. दोन बाहुल्या असतील तर जी बोलते तीच हलेल. नवखी माणसं दोन्ही हात सारखे नाचवतात आणि कोण बोलतंय ते कळत नाही.

आवाजाची सगळ्यांना धास्ती असते. शब्दभ्रम म्हटलं की आपल्याला य. के. पाध्ये यांनी घडवलेला आणि रामदास पाध्ये यांनी घराघरांत पोचवलेला अर्धवटराव आठवतो. ओठ न हलवता बोलण्याला वर्षांचा रियाज लागतो. आपल्याला त्याची गरजच नाही. तुमचे ओठ हलू देत. बाहुली बोलत असताना तुम्ही तिच्याकडे बघा, की मुलंही तिच्याकडेच बघतात. तुम्ही मुलांकडे बघत राहिलात तर ती तुमचे ओठ बघतील. एवढंच तंत्र.

आवाज काढायला लाज वाटत असेल तर बाहुली कानात बोलते असं ठेवा. ती तुमच्या कानाशी जाते, तुम्ही ऐकता आणि वर्गाला सांगता: "तो म्हणतोय, पूर्व दिशा म्हणजे जिकडे त्याचं घर आहे ती." माझं पहिलं सहा महिने असंच चाललं. कुजबुजणारी बाहुली मुलांना आणखी जवळची वाटते.

आता भाषा. आमच्याकडचा मोज्या मालवणी बोलतो. "माका काय कळाक नाय, परत सांग." जी मुलगी माझ्याशी मान खाली घालून हो-नाही करायची, ती मोज्याशी घरच्या भाषेत घडाघडा बोलायला लागली. नंतर मी मध्ये पडून म्हणते, "हे आता पुस्तकातल्या भाषेत मला सांग," आणि ती सांगते. तुमच्याकडे अहिराणी असेल, वऱ्हाडी असेल, कोरकू असेल. तुम्हाला ती येत नसेल तर बाहुलीलाही मोडकीतोडकी येऊ द्या, मुलं तीही सुधारतील. मात्र कोणत्याही बोलीची टिंगल होता कामा नये. मोज्या बावळट आहे तो हिशेबात. त्याची बोली बावळट वाटायला लागली तर बाहुली पेटीत टाका.

पहिला तास असा घ्या

पहिली पाच मिनिटं नेहमीसारखा फळा. मग बाहुली खणातून बाहेर येते, मुलांना नाव विचारते, आणि चुकते. चूक अशी हवी जी वहीत खरोखर सापडते. वेडीवाकडी चूक केली की मुलं नुसती हसतात. ३१२ हे उत्तर मी बनवलेलं नाही, ते दर वर्षी चार-पाच वह्यांत मिळतं. मात्र ज्याच्या वहीत सापडलं त्याचं नाव घ्यायचं नाही. मोज्याने चूक स्वतःच्या अंगावर घेतली की त्या मुलाला ती दुरुस्त करायला जागा मिळते.

मुलं समजावायला लागली की बाहुलीने लगेच "कळलं!" म्हणायचं नाही. "पण का?" असं दोनदा तरी विचारायचं. तिसऱ्या स्पष्टीकरणाला समजावं, आणि नवं गणित स्वतः सोडवून दाखवावं. मग बाहुली परत खणात. मुलं "अजून, अजून" म्हणतील तेव्हाच.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रोज आली तर तिचीही शिक्षिका होते.

काड्या, लग्नपत्रिका आणि सावल्या

मुलांकडून करून घ्यायला सगळ्यात सोप्या काठीबाहुल्या. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी उत्तम. जाड असतो, कात्रीने कापता येतो, आणि घरोघरी ढीग असतो. आकार कापायचा, मागे हिराच्या झाडूचे दोन-तीन हीर एकत्र बांधून चिकटवायचे, झालं. मी सुरुवातीला जुन्या कॅलेंडरांवर चित्रं काढू पाहिली होती, पण आपल्या मराठी कॅलेंडरांच्या मागेही वाचायला इतकं छापलेलं असतं की राक्षसाच्या पोटावर मसालेभाताची कृती आली.

याच बाहुल्या दोन खिडक्यांमध्ये ताणलेल्या धोतरामागे धरल्या आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावला की छायाबाहुल्या होतात. खोली थोडी काळोखी हवी. पावसाळ्यातला ढगाळ दिवस त्याला बरा. टॉर्च एकच लावा. छोट्या एका दिव्याची सावली रेखीव पडते, दोन लावले की प्रत्येक पात्राच्या दोन सावल्या होतात.

पण इथे थोडं रेंगाळा, कारण गोष्ट सुरू होण्याआधीच विज्ञानाचा तास होऊन जातो. बाहुली कापडाला टेकवून धरली की सावली तिच्याएवढीच आणि स्पष्ट. ती टॉर्चकडे न्यायला लागलं की सावली मोठी होते आणि कडा पुसट होतात. आधी मुलांना विचारा: टॉर्चजवळ नेली तर लहान होईल की मोठी? वर्ग जवळजवळ नेहमी दोन भागांत फुटतो. करून बघू द्या. मग चौथीतली मुलं स्वतःहून ठरवतात की राक्षस टॉर्चजवळून आणायचा आणि उंदीर कापडाला चिकटवून चालवायचा. रंगीत जिलेटिन कागदाची खिडकी कापून बसवली तर रंगीत सावली पडते. ती का पडते यावर आणखी एक तास जातो, जाऊ द्या.

पिंगुळीकडून घेण्यासारखं

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातली घराणी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या हे तिन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली आहेत. सावंतवाडी संस्थानाचा या कलांना आश्रय होता. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने या वस्तूंचं छोटं संग्रहालय उभं केलं आहे. कोकणात सहल नेत असाल तर किल्ला आणि समुद्रकिनारा यांच्यामध्ये ते बसवा. कलाकारांना शाळेत बोलावणार असाल तर मानधन आधी ठरवा. "मुलांसाठी आहे" असं म्हणून फुकट बोलावायची आपल्याला वाईट सवय आहे.

या तिन्हींतली चित्रकथी वर्गासाठी सगळ्यात सोयीची, असं माझं मत. सुट्या चित्रांची एक चळत असते, तिला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरून सांगणारा कथा गात-सांगत पुढे नेतो. तेच वर्गात करा. पाठाचे सहा-आठ प्रसंग पाडा, एकेका गटाला एकेक चित्र द्या, आणि चित्र तयार झालं की प्रत्येक गटाने आपल्या चित्रापुढे उभं राहून आपला भाग सांगायचा. मजा पुढे आहे: चित्रं पिसा आणि चुकीच्या क्रमाने लावा. क्रम का चुकला हे सांगताना मुलं "म्हणून", "त्यामुळे", "तोपर्यंत" हे शब्द आपोआप वापरतात. ते शिकवायला मी एरवी दोन तास घालवत असे.

नाटक: संमेलन विसरा

शाळेत नाटक म्हटलं की स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे येतं. पाठांतर, भाड्याचे कपडे, पुढच्या रांगेत पाहुणे, आणि आठ हुशार मुलांना संवाद, बाकीच्यांना झाडं. वर्गातलं नाटक वेगळं. त्याला प्रेक्षक नसतो, सगळेच आत असतात. पाठांतर नसतं. नीट झालं नाही तर पुन्हा करता येतं.

सुरुवात "स्टॅच्यू"पासून करा. हा खेळ शिकवावा लागत नाही. पाठातला एक क्षण सांगा, पाच-पाच जणांच्या गटाने तो पुतळा होऊन दाखवायचा. आवाज नाही, हालचाल नाही. मग तुम्ही एकेकाच्या खांद्याला हात लावा. ज्याला लावला त्याने मनातलं एक वाक्य बोलायचं. लाजाळू मूल एक वाक्य बोलतंच.

त्याआधी एक खूण पक्की करा. माझी खूण दोन टाळ्या: पहिलीला थांबायचं, दुसरीला खाली बसायचं. पहिले दोन दिवस नाटक न करता फक्त ही खूण खेळा. गोंगाट होणारच, आणि शेजारच्या वर्गाची तक्रारही येणार. मी आधीच जाऊन सांगून येते की आज तिसऱ्या तासाला आमच्याकडे वादळ आहे. बाक हलवायला वेळ जातो, म्हणून शक्यतो व्हरांडा किंवा पटांगण.

आता एक प्रसंग जवळून. चंद्र स्वतःभोवती फिरतो का? आमच्या वर्गाचं मत पक्कं होतं: नाही, कारण त्याची एकच बाजू दिसते. एका मुलीला पृथ्वी करून मध्ये उभं केलं, एका मुलाला चंद्र केलं. अट एकच, तोंड कायम पृथ्वीकडे. तो पाय सरकवत, बाजूबाजूने, एक फेरी मारून आला. विचारलं, "फिरताना पृथ्वीच्या मागे तुला काय काय दिसलं?" तो म्हणाला, "आधी फळा, मग खिडकी, मग कपाट, मग दार." वर्ग गप्प. मग मागून कोणीतरी: "म्हंजे हा स्वतःभोवती पण फिरलाच की!" आकृती काढून हे मी आधी सांगितलं होतं, पण वही बंद झाली की ते संपत होतं.

इतिहासातही तलवारी आवरा. लाकडी पट्ट्यांची मारामारी दहा मिनिटं चालते आणि हाती लागतो एखादा सुजलेला अंगठा. त्याऐवजी असा प्रसंग घ्या जिथे निर्णय करायचा आहे. चिपळूणजवळच्या लष्करी तळावरच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र माझ्या आवडीचं. भर उन्हाळा, पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-चारा. आत्ताच बेपर्वाईने उधळलात तर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताची गंजी पेटेल. राजाच्या पत्रात उंदीर! मुलांना एवढं पुरतं.

पाच जणांचे गट: हवालदार, शिपाई, कुणबीण, घोडा, उंदीर. मी उपरणं खांद्यावर टाकते आणि नवा शिपाई होते, ज्याला काहीच कळत नाही. "दोन पेंढ्या जास्त टाकल्या घोड्याला, तर काय बिघडलं?" हे बीज मोज्याचंच. शिक्षकाने पात्र होऊन मुलांत उतरण्याची पद्धत ब्रिटनमध्ये डोरोथी हीथकोट यांनी फार पुढे नेली. त्यातलं मला पटलेलं मर्म असं: पात्र घ्यायचंच तर राजाचं घेऊ नका, अडलेल्या माणसाचं घ्या. राजा झालात तर परत हुकूमच सोडाल. मुलं मला समजावतात, रागावतात, पावसाळा किती महिन्यांचा ते बोटांवर मोजून दाखवतात. मग एक खुर्ची मध्ये ठेवायची, तिच्यावर कुणबीण बसते, आणि बाकीचे तिला प्रश्न विचारतात. शेवटी दहा मिनिटं वहीत: त्या कुणबिणीने घरी जाऊन काय सांगितलं?

भूमिका उतरवणं

या नाटकातली माझी एक चूक. तास संपल्याची घंटा झाली, आम्ही तसेच उठलो. ज्या मुलाने उंदीर केला होता, त्याला वर्षभर सगळे "उंदीर" म्हणत राहिले. तो हसायचा, पण पुढच्या नाटकाला त्याने हात वर केला नाही. आता मी शेवटची तीन मिनिटं राखून ठेवते. प्रत्येकाने अंगावरची वस्तू काढून टोपलीत टाकायची आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगायचं. वाईट पात्र आलटून पालटून द्या. रंग, अंगकाठी, आडनाव बघून पात्र वाटू नका. मुलं यात आपल्यापेक्षा तिखट असतात, त्यांना लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट, जी कोणी आधी सांगत नाही. मुलं बाहुलीच्या कानात खरं बोलतात. घरचं, रस्त्यावरचं, कधी अंगाला हात लावणाऱ्याचं. "मी कोणाला सांगणार नाही" असं बाहुलीच्या तोंडून कधीही वदवू नका. बाहुली खाली ठेवा, मुलाचं शांतपणे ऐका, खोदून चौकशी करत बसू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. मुख्याध्यापकांशी याबद्दल पहिली बाहुली शिवण्याआधीच बोलून ठेवा.

नोंदी आणि परवानग्या

आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी हे तास सोन्यासारखे. पण "नाट्यीकरणात उत्साहाने सहभाग घेतो" हे वाक्य चाळीस मुलांपुढे लिहू नका. "हातच्याचं कारण काड्यांनी समजावलं, शब्दांत अडखळला" अशी एक ओळ, दिवसाला चार मुलांची, तास संपताच.

कोणी "हे काय चाललंय" विचारलंच, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पायाभूत वयासाठी नाट्य आणि बाहुल्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, तो दाखवा. दिल्लीचं सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत एवं प्रशिक्षण केंद्र, १९७९ पासून शिक्षकांना प्रशिक्षण देतं. बाहुल्यांवर त्यांचे वेगळे वर्ग असतात. कार्यालयाकडून पत्र निघालं की नाव द्या, सुट्टी वाया गेली असं वाटणार नाही.

बाहुल्या ठेवायच्या कुठे? बंद कपाटात नको, निदान कोकणात तरी. जूनमध्ये आत ठेवलेल्या ऑगस्टमध्ये हिरव्या होऊन निघतात. फळ्याच्या बाजूला दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगा. मोज्याही पावसाळ्यात तिथेच उलटा लटकलेला असतो, आणि हजेरी घेताना पहिलीतलं कोणीतरी त्याच्या वतीने "हजर" म्हणतं.